वाशांखालचा फोम

ह्यूस्टन आणि आसपासच्या गावांत घरं तपासून देणं हा माझा व्यवसाय आहे. टेक्सासमध्ये घर विकत घेण्याआधी लोक परवाना असलेल्या इन्स्पेक्टरला बोलावतात. तो किंवा ती जोत्यापासून छपरापर्यंत सगळं पाहून लेखी अहवाल देते. माझा निम्मा वेळ माळ्यावर जातो. गेल्या काही वर्षांत केटी, शुगरलँड, पेअरलँड भागातल्या मराठी घरांतून एक प्रश्न सतत येतो: "ताई, माळ्याला स्प्रे फोम मारून घ्यावा का?" उन्हाळ्यातलं विजेचं बिल हातात पडलं की हा प्रश्न येतोच. स्प्रे फोम म्हणजे छपराच्या आतल्या बाजूला फवारतात तो उष्णतारोधक फोम. माझ्या स्वतःच्या घराला फोम आहे आणि मी त्यावर समाधानी आहे. तरी या प्रश्नाचं उत्तर मला दोन वाक्यांत देता येत नाही. फोम मारलेली गार, कोरडी, शांत घरं मी पाहिली आहेत, आणि फोम मारल्यानंतर काही वर्षांतच आढ्याजवळची फळी कुजलेली घरंही पाहिली आहेत. दोन्हीकडे फोम सारखाच होता. ओलाव्याचा विचार आधी झाला होता की नाही, एवढ्यानेच सगळा फरक पडला होता.

1. आधी एसी कुठे बसवलाय ते पाहा.

इथली बहुतेक घरं काँक्रीटच्या जोत्यावर उभी असतात. तळघर नाही, गच्ची नाही. एसीचं हवा फेकणारं यंत्र आणि त्याचे डक्ट ठेवायला एकच जागा उरते, उतरत्या छपराखालचा माळा. जुन्या पद्धतीत हा माळा घराबाहेरचा धरला जातो. इन्सुलेशन खोल्यांच्या छतावर अंथरलेलं असतं, वळचणीखालच्या जाळ्यांतून हवा आत येते आणि आढ्याच्या फटीतून बाहेर जाते. जुलैच्या दुपारी तिथलं तापमान 55 अंश सेल्सियसच्या वर जातं. अशा जागेतून आपण साधारण 13 अंशांची हवा डक्टने खोल्यांत नेतो. बाहेरच्या हवेचा दवबिंदू तेव्हा 24 अंशांच्या आसपास असतो. त्यामुळे डक्टवरचं वेष्टन जिथे दबलेलं किंवा फाटलेलं असेल, तिथे गार पाण्याच्या तांब्याला सुटतो तसा डक्टला घाम सुटतो. तो थेंब थेंब खाली पडतो, छताच्या जिप्सम बोर्डावर तपकिरी डाग उमटतो, आणि घरमालक छप्पर गळतंय म्हणून छपरवाल्याला बोलावतो.

याहून मोठं नुकसान डोळ्यांना दिसत नाही. डक्टच्या सांध्यांतून गार हवा माळ्यात गळते. तेवढी हवा घरातून कमी झाली की तिची जागा भरायला छतातल्या दिव्यांच्या भोकांतून, दारांच्या फटींतून बाहेरची गरम दमट हवा आत ओढली जाते. एसी मग रात्रंदिवस तीच हवा वाळवत बसतो.

वाशांच्या मधून छपराच्या फळीला आतून फोम मारला आणि सगळ्या जाळ्या बंद केल्या, की माळा घराच्या आत येतो. तिथलं तापमान खालच्या खोल्यांपेक्षा फार तर थोड्या अंशांनी जास्त राहतं. डक्ट घामेजत नाहीत, आणि गळालेली हवा घरातच राहते. फोमचा खरा फायदा हा आहे. तुमचे डक्ट आधीच दोन मजल्यांच्या मधून, घराच्या आतून गेलेले असतील, तर मी फोम सुचवत नाही. छतातली भोकं, वायरींच्या फटी सीलंटने नीट बुजवा आणि वरून कागदाच्या लगद्याचं सेल्युलोज इन्सुलेशन भरपूर पसरा. फोमच्या तुलनेत अगदी थोड्या खर्चात काम होतं.

2. ओपन सेल आणि क्लोज्ड सेल ही दोन वेगळी द्रव्यं समजा.

पॉलियुरेथेनचं रसायन जर्मनीत ऑटो बायर यांनी 1937 मध्ये शोधलं. आज छपराला मारतात तो फोम त्याच कुळातला, पण त्याच्या दोन जाती आहेत. ओपन सेल हलका, घनमीटरला साधारण 8 किलो. मारताक्षणी जवळजवळ शंभरपट फुगतो, बोटाने दाबला तर दबतो. उष्णतेला त्याचा विरोध इंचाला आर-3.7च्या आसपास. हवा अडवतो, पण पाण्याची वाफ त्यातून आरपार जाते. क्लोज्ड सेल घनमीटरला साधारण 32 किलो, टणक, इंचाला आर-6.5च्या आसपास. दीड-दोन इंच जाडी झाली की वाफही जवळजवळ थांबते. किंमत अर्थातच बरीच जास्त.

सेल्समन बहुतेक वेळा आर-व्हॅल्यूवर बोलतो. दमट हवेत वाफेचा मुद्दा त्याच्या इतकाच महत्त्वाचा आहे, आणि तो बोलण्यात येतच नाही. शिंगलखाली कुठे पाणी शिरलं तर ओपन सेल ते झिरपू देतो, खाली डाग दिसतो, मालकाला कळतं. क्लोज्ड सेल ते वरच अडवून धरतो आणि फळी गुपचूप सडत राहते. उलट गॅल्व्हेस्टनच्या बाजूला, समुद्राच्या वाऱ्यात, मी क्लोज्ड सेलच सांगते. फ्लोरिडा विद्यापीठात झालेल्या चाचण्यांत क्लोज्ड सेल फोमने चिकटवलेल्या छपराच्या फळ्यांनी वर उचलणाऱ्या वाऱ्याला दोन-तीन पटींनी जास्त तोंड दिलं. चक्रीवादळात घर वाचतं ते छप्पर जागेवर राहिलं तर.

क्लोज्ड सेल घेणार असाल तर तो कशाने फुगवलाय तेही विचारा. पूर्वी वापरात असलेला एचएफसी-245एफए हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे हजारपट तापमानवाढ करणारा होता. नव्या एचएफओ वायूंचा हाच आकडा एक-दोनच्या घरात आहे. 1 जानेवारी 2025 पासून अमेरिकेत फोममध्ये हा आकडा 150 किंवा त्याहून जास्त असलेले वायू वापरायला बंदी आहे. जुन्या साठ्यातला माल स्वस्तात देतो म्हणणारा कोणी भेटला तर त्याला वाटेला लावा.

ओपन सेल घेणार असाल तर जाडीचा प्रश्न येतो. इथे वाशांच्या उंचीइतका, साडेपाच इंच फोम मारतात. म्हणजे आर-20च्या आसपास. 2015च्या बांधकाम नियमावलीत आपल्या हवामान पट्ट्यासाठी छताला आर-38 लिहिलेलं आहे. कंत्राटदार म्हणतो, "फोमचा आर-20 बाकीच्यांच्या आर-38 इतका." हे असं तोंडी मान्य करू नका. पूर्ण घराचा ऊर्जा-हिशेब मांडून कमी जाडी मंजूर करून घेण्याची वाट नियमावलीतच आहे. तो हिशेब कागदावर मागा. ज्याने मांडलाय तो लगेच देतो.

3. आढ्याखालची फळी बोलते, तिचं ऐका.

या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच, म्हणून इथे जरा थांबते.

माझ्याकडे लाकडातला ओलावा मोजणारं यंत्र आहे. त्याला दोन लांब सुया असतात, टोकं सोडून बाकी सुईवर आवरण. फोममधून त्या आरपार नेऊन मागच्या फळीत टोचायच्या. एका फेब्रुवारीत पेअरलँडच्या एका घराच्या माळ्यावर मी वळचणीपासून सुरुवात केली. फळीत 10 टक्के ओलावा. मध्यावर 13. आढ्यापासून हातभर खाली 21. अगदी आढ्याला 27, आणि सुई काढताना तिच्या टोकाला काळपट मऊ भुसा लागून आला. लाकडात 16 टक्क्यांपर्यंत ओलावा असला तर मी निर्धास्त असते. 20 ओलांडले की बुरशीला जागा होते, आणि 28च्या पुढे लाकूड सडायला लागतं. त्या घराचं छप्पर कुठेही गळत नव्हतं. फोमही जाडीला बरोबर, चिकटलेला, एकसारखा होता.

मग पाणी आलं कुठून? घरातूनच. आंघोळ, स्वयंपाक, श्वास, कुंड्या, बाहेरून शिरलेली हवा, या सगळ्यांची वाफ माळ्यापर्यंत पोचते. रात्री छप्पर मोकळ्या आकाशाकडे उष्णता टाकतं आणि बाहेरच्या हवेपेक्षाही गार होतं. ओपन सेलमधून वाफ वर जाते आणि त्या गार फळीत मुरते. सकाळी ऊन चढलं की फळी तापते, तोच ओलावा पुन्हा आत माळ्यात येतो. रात्री परत वर. पाण्याची वाफ कोरड्या हवेपेक्षा हलकी असते, त्यामुळे प्रत्येक फेरीत ती थोडी आढ्याकडे सरकते. म्हणून वळचणीला 10 आणि आढ्याला 27. बिल्डिंग सायन्सचे जाणकार इंजिनिअर जोसेफ लस्टिबुरेक यांनी ह्या ये-जा करणाऱ्या पाण्याला 'पिंग-पाँग वॉटर' असं नाव दिलं. त्यांच्या संस्थेने ह्यूस्टनमध्ये आणि फ्लोरिडातल्या ऑर्लँडोत प्रत्यक्ष घरांवर यंत्रं बसवून ओलावा मोजला. आपल्या हवेत मोजलेलं असल्याने ते निष्कर्ष आपल्याला थेट लागू पडतात, याचं मला फार मोल वाटतं.

उपाय अवघड नाही. माळा घराचा भाग केलाय ना, मग त्याला घरातल्या खोलीसारखं वागवा. मुख्य डक्टमधून थोडी थंड कोरडी हवा माळ्यावर सोडा. नियमावलीत अशा एका प्रकारच्या बंद माळ्यासाठी दर हजार चौरस फूट छतामागे मिनिटाला 50 घनफूट असा आकडा दिलाय, तो मी सगळीकडे किमान म्हणून धरते. ते जमत नसेल तर माळ्यावर डीह्युमिडिफायर ठेवा, आणि त्याचं हवा ओढणारं तोंड शक्य तितकं आढ्याच्या जवळ न्या. पेअरलँडच्या त्या घरात आढ्यालगतच्या फळ्या बदलून हेच केलं. पुढच्या हिवाळ्यात मालकांनी मला पुन्हा बोलावलं, तेव्हा आढ्याला 12 टक्के होते.

4. फोमनंतर जुना एसी मोठा पडतो.

"ताई, थर्मोस्टॅट बावीसवर आहे, तरी अंगाला चिकचिकतं. फोमवाल्याने फसवलं का?" शुगरलँडच्या एका काकांनी मला फोनवर विचारलं. मी गेले, आणि फक्त बसून राहिले. एसी सुरू झाला, सहा-सात मिनिटांत खोली गार झाली, बंद पडला. पुन्हा बराच वेळ शांतता. आर्द्रतामापीवर 66 टक्के. फोमवाल्याने काहीच फसवलं नव्हतं. घराची उष्णता निम्म्यावर आली होती, पण अंगणात अजून तोच पाच टनांचा एसी होता.

एसीची कॉइल सुरू झाल्यावर आधी गार होते, मग तिच्यावर पाणी जमतं, मग ते ओघळून नळीवाटे बाहेर जातं. यंत्र पाच-सात मिनिटांत बंद झालं तर पाणी कॉइलवरच राहतं. त्यातही पंखा सतत चालू ठेवलेला असेल तर ते पाणी वाफ होऊन पुन्हा खोलीत येतं. म्हणून पहिलं काम, थर्मोस्टॅटवरचा पंखा 'ऑटो'वर. काकांना हे सांगितलं आणि आठवड्याभरात आर्द्रता थोडी खाली आली. बाकीचं काम डीह्युमिडिफायरने केलं. तो 50 टक्क्यांवर लावून ठेवलाय. अमेरिकेची पर्यावरण संस्था घरातली आर्द्रता 60च्या खाली, शक्यतो 30 ते 50च्या दरम्यान ठेवायला सांगते. आपल्या हवेत 50 गाठलं तरी पुष्कळ.

एसी बदलायची वेळ आली की "पाचशे चौरस फुटांना एक टन" हे गणित करणाऱ्याला काम देऊ नका. खिडक्यांची दिशा, फोम, हवेची गळती धरून मॅन्युअल-जे नावाचा हिशेब करतात, तो मागा. काकांच्या घराला त्या हिशेबाने तीन टन निघाले.

5. माळ्यावर उघड्या ज्योतीचा गॅस हीटर असेल तर फोमचं काम थांबवा.

ह्यूस्टनच्या जुन्या घरांत पाणी तापवायचा गॅस हीटर माळ्यावरच असतो. तो जळायला माळ्यातली हवा घेतो आणि धूर चिमणीने वर सोडतो. माळा हवाबंद केला की त्याला हवा कमी पडते, धूर उलटा घरात येतो, आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही. फोम मारण्याआधी असा हीटर काढून बाहेरून हवा घेणारा बंद ज्योतीचा किंवा विजेचा बसवा. गॅसवर चालणाऱ्या फर्नेसलाही हेच लागू. फोम मारलेल्या माळ्यावर चढल्यावर मला असा हीटर दिसला तर मी अहवाल लिहिण्याआधी घरात राहणाऱ्यांना सांगते आणि हीटर बंद करायला लावते.

फोम जळतोही. माळ्यावर सामान ठेवणार असाल, तिथे वावर असणार असेल, तर त्यावर जिप्सम बोर्ड किंवा मान्यता असलेला अग्निरोधक थर लागतो. सुटकेस, गणपतीची आरास, दिवाळीच्या माळा हे सगळं आपण तिथेच ठेवतो, म्हणून मुद्दाम सांगते.

6. फवारणीच्या दिवशी घर तुमचं नाही.

फोम कारखान्यातून तयार होऊन येत नाही. तुमच्या माळ्यावर, बंदुकीच्या तोंडाशी तो तयार होतो. एका पिंपातून आयसोसायनेट, दुसऱ्यातून पॉलिऑल, दोन्ही गरम नळ्यांतून समसमान मापात येतात आणि एकत्र होताच फुगतात. माप चुकलं, नळी गार पडली, फळी ओली असली, की फोम बिघडतो. कधी ठिसूळ होतो, कधी चिकट राहतो, कधी वाशापासून आक्रसून सुटतो आणि बोट जाईल एवढी फट पडते. बिघडलेल्या फोमला माशासारखा वास येतो आणि तो काही केल्या जात नाही, शेवटी फोम खरवडूनच काढावा लागतो. कोकणात वाढलेल्या माझ्या नाकाला तो वास दारातच कळतो.

आयसोसायनेटने एकदा दमा जडला की तो पुढे अगदी थोड्या संपर्कानेही उसळतो. कामगार तोंडावर बाहेरून हवा येणारा मुखवटा घालून काम करतात. घरातल्या माणसांनी, आजी-आजोबांनी आणि पाळीव प्राण्यांनीसुद्धा, साधारण 24 तास आणि कंपनीने लिहून दिलं असेल तर त्याहून जास्त, बाहेर राहायचं. "आम्ही खालच्या खोलीत दार लावून बसू" हे चालत नाही.

काम करणाऱ्यांना दोन गोष्टी आधीच विचारून ठेवा. फळीतला ओलावा मोजणार का? तो 19 टक्क्यांच्या खाली हवा. आणि क्लोज्ड सेल एका फेरीत किती जाड मारणार? दोन इंचांच्या वर एकदम मारला तर आतली उष्णता बाहेर पडत नाही. तो आतून करपतो, आणि अशाने आग लागल्याचीही उदाहरणं आहेत. काम संपल्यावर मी तळहाताएवढा तुकडा कापून घेते. वास घेते, चिमटीत चुरडून पाहते, कापाच्या कडेला पेशी बारीक आणि सारख्या आहेत का ते उजेडात धरून बघते. मग खुणा केलेली तार ठिकठिकाणी टोचून जाडी मोजते. चांगला कंत्राटदार याला हरकत घेत नाही, उलट स्वतःच भोक बुजवून देतो.

7. वळचणीच्या कोपऱ्यात वाकून बघा.

छप्पर जिथे भिंतीला टेकतं ती जागा इतकी अरुंद की बंदूक पोचत नाही. काम तिथेच अर्धवट राहतं. एक जाळी उघडी राहिली तरी बाहेरची दमट हवा आत येत राहते, आणि आता तिला आढ्यातून बाहेर जायला वाट नसते. बाथरूमच्या पंख्याची नळी, स्वयंपाकघराची चिमणी, कपड्यांच्या ड्रायरची नळी, यातली एक जरी माळ्यातच सोडलेली असली तर ती छपराबाहेर काढून घ्या. जुनं फायबरग्लास छतावरून काढून टाका. ते राहिलं तर माळा खालच्या खोल्यांपासून तुटतो आणि तिसऱ्या मुद्द्यातला ओलावा तिथेच अडकतो.

8. वाळवीवाल्याशी आधी बोलून घ्या.

फोर्मोसाची वाळवी 1965 साली ह्यूस्टनच्या जहाजगोदीत सापडली, आणि आता मेक्सिकोच्या आखाताच्या काठाने सगळीकडे आहे. ती फोम खात नाही, पण त्यात घर करून बेमालूम चालत जाते. जोत्याजवळ भिंतीच्या पायथ्याला फोम लावला तर तिच्या मातीच्या नळ्या दिसत नाहीत. म्हणून जोत्यापाशी नजरेला पट्टी मोकळी ठेवायची. तुमचा वाळवीचा वार्षिक करार असेल तर फोम झाल्यावर तो चालू राहील का, हे लेखी विचारा. काही कंपन्या नकार देतात.

9. पूर, गारठा आणि गेलेली वीज.

ऑगस्ट 2017 मध्ये हार्वे वादळात आपल्या पूर्वेला नेडरलँड इथे 60.58 इंच पाऊस मोजला गेला. त्यानंतर काही महिने मी भिंतीच पाहत होते. पाणी शिरलेल्या घरांत फायबरग्लास चिंब होऊन खाली बसलं होतं, ओपन सेल फोमही पाणी धरून होता. दोन्ही फाडून टाकावे लागले. क्लोज्ड सेल फोमला फेमा ही केंद्रीय आपत्ती संस्था पुराला टिकणाऱ्या द्रव्यांत धरते. पूररेषेत घर असेल तर तळमजल्याच्या भिंतींना मी तोच सांगते, मात्र त्यामागचं लाकूड वाळायला फार वेळ लागतो हेही सांगते. बोर्ड लगेच लावायची घाई करू नका.

फेब्रुवारी 2021च्या गारठ्यात ह्यूस्टनच्या विमानतळावर उणे 10 अंशांच्या खाली तापमान गेलं. इथे पाण्याच्या नळ्या माळ्यावरून जातात. उघड्या माळ्याच्या घरांत त्या फुटल्या आणि छतं कोसळली. फोमच्या माळ्याला खालच्या खोल्यांची ऊब मिळते, त्यामुळे मी पाहिलेल्या अशा घरांत नळ्या शाबूत होत्या. फोमचा हा गुण त्याची जाहिरात करणारेसुद्धा पुरेसा सांगत नाहीत.

8 जुलै 2024 ला बेरिल वादळ आलं आणि ह्यूस्टन परिसरात वीस लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली, काहींची कित्येक दिवस. फोमचं घर पहिल्या दिवशी शेजाऱ्यांपेक्षा बरंच गार राहतं. पण माणसं, आंघोळी आणि स्वयंपाक चालूच असतो, आणि बंद घरात वाफ साठत जाते. छोट्या जनरेटरवर खिडकीचा लहान एसी किंवा डीह्युमिडिफायर चालवा. जनरेटर मात्र घरापासून दूर, उघड्यावर. गॅरेजमध्ये कदापि नको.

10. कोकणातून फोन येतो तेव्हा मी वेगळं सांगते.

चिपळूणच्या वहिनींनी विचारलं, "वन्सं, तुमच्याकडचा तो फोम आपल्या कौलांना खालून मारला तर?" नको, अगदी नको. दर पावसाळ्याआधी घर शाकारावं लागतं, फुटकं कौल काढून दुसरं सरकवावं लागतं. फोमने सगळी कौलं एकमेकांना आणि रिपांना चिकटली की शाकारणी संपली. पाणी कुठून येतंय ते कळणार नाही, रीप आणि वासा आतल्या आत कुजेल. शिवाय ते घर दिवसभर उघडं असतं. कौलांच्या फटींतून गरम हवा निघून जाते, ते त्याचं बळ आहे. ह्यूस्टनचं घर बंद राहण्यासाठी बांधलेलं, चिपळूणचं उघडं राहण्यासाठी.

पत्र्याचं घर असेल तर त्रास पत्र्यातून खाली येणाऱ्या उष्णतेचा असतो. पत्र्याला वरून पांढरा परावर्तक रंग, खाली हवा खेळेल अशी जागा सोडून आडवं छत, याने पुष्कळ फरक पडतो. उघडा फोम चुलीच्या किंवा गॅसच्या वर असणं मला मान्य नाही. सिमेंटच्या स्लॅबला इन्सुलेशन लावायचं तर वरून लावा, खालून नाही. वरून लावलं की स्लॅब तापतच नाही. खालून लावलं तर तो दिवसभर तापतच राहतो, उन्हाने फुगून आणि पावसाने आक्रसून तडे जातात. वरचा फोम उन्हात उघडा टिकत नाही, त्याला वॉटरप्रूफिंग आणि वरून फरशी किंवा चायना मोझॅकचं कवच हवं. भारतातल्या घरांसाठी 2018 मध्ये निघालेल्या इको निवास संहितेत छपरातून उष्णता जाण्याची मर्यादा चौरस मीटरला, अंशामागे 1.2 वॅट ठेवलीय. नवं घर बांधणाऱ्या भाचेमंडळींना मी सांगते, आर्किटेक्टला हा आकडा दाखवा आणि तुमचं छप्पर त्यात बसतं का विचारा.

एकच खोली एसीची असेल तर तेवढीच नीट बंद करा. भिंतीला आतून प्लास्टिकचा किंवा व्हिनाइलचा वॉलपेपर लावू नका. दमट हवेत वाफ बाहेरून आत ढकलली जाते आणि त्या गार कागदामागे बुरशी धरते. मुंबईच्या हॉटेलांत आणि ह्यूस्टनच्या हॉटेलांत मी कागदाचा कोपरा उचलून हेच काळे ठिपके पाहिले आहेत.

11. कागद जपा.

फोमचं नाव, जात, जाडी, कशाने फुगवलाय, कोणत्या तारखेला मारला, फळीतला ओलावा तेव्हा किती होता, काम चालू असतानाचे फोटो, अग्निरोधक थराची पावती, मॅन्युअल-जेचा हिशेब. हे सगळं एका पाकिटात घालून माळ्याच्या शिडीजवळ ठेवा. घर विकताना खरेदीदाराचा इन्स्पेक्टर हेच मागतो, आणि ते हातात आलं तर त्याला फोम कापून बघायची गरज उरत नाही. त्याच पाकिटाशेजारी आढ्याखाली एक छोटं आर्द्रतामापी टांगून ठेवा, ज्याचा आकडा खाली मोबाइलवर दिसतो. तीस-चाळीस डॉलरना मिळतं. हिवाळ्यात तो आकडा काही दिवस सलग 65च्या वर राहिला, तर मला किंवा तुमच्या जवळच्या कोणा जाणकाराला बोलवा, आणि येताना लांब सुयांचं यंत्र घेऊन यायला सांगा.